पिकअप ॲव्हरेज देत नाही? टाकीला कुलूप लावण्याआधी हे वाचा



"सर, माझी पिकअप दहाच्या वर जात नाही, ड्रायव्हर बदलू का?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारा कधी किराणा होलसेलवाला असतो, कधी फर्निचरवाला, कधी भाजीवाला. प्रश्नाच्या शेवटी आवाज थोडा खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो: ड्रायव्हर डिझेल काढत असेल का?

व्हिडिओत मी यावर बोललो आहे, पण आकडे नुसते ऐकले की डोक्यावरून जातात, म्हणून इथे नीट लिहितो. आणि एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायची लाज वाटली होती, ती पण इथे सांगतो.

आमचं दुकान कराडला, हार्डवेअर आणि प्लंबिंगचं. पाइप, पाण्याच्या टाक्या, सिमेंट, फिटिंग. गाडी २०१८ची बोलेरो पिकअप, अडीच लिटरचं डिझेल इंजिन. गाडीवर मामा. नात्यातले नाहीत, पण माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे आहेत आणि सगळी पेठ त्यांना मामाच म्हणते.

गाडी महिन्याला साधारण २,२०० किलोमीटर पळायची. मी बीबीए केलं, मार्जिन-टर्नओव्हर तोंडपाठ, पण डिझेलचं बिल कधी किलोमीटरशी लावून बघितलं नव्हतं. एकदा बसलो आणि भागाकार केला तर ११. म्हणजे महिन्याला २०० लिटर. डिझेल ९० रुपयांनी धरा (मी हिशोबाला गोल आकडा धरतो), १८,००० रुपये झाले. दुधाचा एक गाडीवाला ओळखीचा आहे, त्याची तशीच गाडी १३ देते. मग माझ्या डोक्यात किडा शिरला.

मी काय केलं, तर टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. मामा भांडले नाहीत, चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं झालं मालक. आता माझ्यावर नाव नको."

कुलूप लागल्यानंतरचा महिना: ११.१.

मग मामांच्या पुतणीचं लग्न आलं आणि ते आठ दिवस गावी गेले. गाडी मी चालवली. कुलूप माझं, किल्ली माझी, पाय पण माझा. आठ दिवसांनी टाकी फुल करून भागाकार केला: १०.४.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गल्ल्यावर बसून ऐकत होते. चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "आता कुणाला कुलूप लावतोस?"

मामा परत आल्यावर मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विषय बदलला. पण दोन-तीन महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. कुलूप चारशे रुपयांचं होतं, पण त्याची खरी किंमत ही. म्हणून सांगतो, आधी मोजा, मग संशय घ्या.

मोजायचं कसं

"रोज हजाराचं टाका" ही पद्धत बंद करा. हजाराचं टाकल्यावर काहीच कळत नाही. टाकीत आधी किती होतं, संध्याकाळी किती उरलं, सगळा अंदाज. पद्धत एकच: टाकी फुल ते टाकी फुल. एकाच पंपावर जा, शक्यतो त्याच नोझलवर. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून आणखी थोडं-थोडं कोंबायचं नाही. मीटरचं रीडिंग लिहायचं. पुढच्या वेळी पुन्हा तसंच फुल करायचं. मधे पळालेले किलोमीटर भागिले आत्ता गेलेले लिटर. बस.

एका टाकीवर निकाल देऊ नका. गाडी जरा कलती उभी असली तरी लिटर-दीड लिटर इकडचं तिकडं होतं. तीन-चार टाक्या होऊ द्या. आणि वहीत दोन रकाने जास्तीचे ठेवा: माल काय होता आणि रस्ता कुठला होता. हे दोन रकाने नसते तर मला पुढचं काहीच कळलं नसतं.

अजून एक चूक नेहमी होते. एका टाकीला १०, दुसऱ्याला १५ मिळाले की लोक म्हणतात सरासरी साडेबारा. तसं नाही. १५० किलोमीटर दहाच्या हिशोबाने गेले तर १५ लिटर, १५० किलोमीटर पंधराच्या हिशोबाने गेले तर १० लिटर. एकूण ३०० किलोमीटरला २५ लिटर, म्हणजे १२. नेहमी एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा.

एक ब्रेक सव्वादोन रुपयांचा

वही तयार झाल्यावर मी दोन दिवस मामांच्या शेजारी बसलो. सूचना द्यायला नाही, बघायला. पाटण रोडला माल टाकून परत येईपर्यंत मी ब्रेक मोजले. ६१. कराड सोडलं की प्रत्येक गावाला गतिरोधक आहेत, हे मान्य. पण गतिरोधक दिसतो लांबून, आणि मामांचा पाय त्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत ॲक्सिलरेटरवरच. मग करकचून ब्रेक, दुसरा गिअर, आणि ओलांडला की पुन्हा जोरात पळवायची. मी चालवतानाही हेच करत होतो, उलट जास्त जोरात.

आता हा हिशोब बघा. आमची भरलेली गाडी तीन टन धरा. तीन टनाला ताशी ५० किलोमीटरचा वेग द्यायला इंजिनाला जे काम करावं लागतं, त्याला साधारण २५ मिलिलिटर डिझेल लागतं. डिझेलमधल्या ताकदीतला एक तृतीयांश भागही चाकापर्यंत धड पोचत नाही, बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून जाते, हे धरूनच हा आकडा आहे. २५ मिली म्हणजे चहाचे पाच चमचे. ब्रेक मारून गाडी थांबवली की ते पाच चमचे ब्रेकच्या लायनरमध्ये गरम होऊन संपले. परत ५०ला न्यायचं तर नवीन पाच चमचे. ९० रुपयांनी सव्वादोन रुपये.

"पण सर, आम्ही पूर्ण थांबवत नाही, २०वर आणतो." वेगाची ताकद वर्गाने वाढते, त्यामुळे ५०वरून २०वर आलात तरी ८४ टक्के ताकद गेलेलीच असते. तुमच्या हातात एक चमचासुद्धा उरत नाही.

याच्यावरचा उपाय फुकट आहे: लांब बघणे. गतिरोधक, वळण, गुरं, एसटीचा थांबा, पुढच्या गाडीचे लाल दिवे. दिसलं की आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, गाडी गिअरमध्येच ठेवून वेग आपोआप मरू द्यायचा, ब्रेक शेवटी थोडासा. आमच्या भागात कारखाने चालू झाले की नोव्हेंबरपासून रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रेलर. त्याच्या शेपटीला चिकटून तीन वेळा ओव्हरटेकचा प्रयत्न करणं आणि तीन वेळा ब्रेक मारून मागे येणं, हा आमचा जुना खेळ. मामांना मी एवढंच म्हटलं की पाच-सहा गाड्यांचं अंतर ठेवा आणि रस्ता खरंच मोकळा दिसला तरच निघा.

मग मामांनी जे उत्तर दिलं ते मला आवडलं नाही, पण खरं होतं. "मालक, मी अंतर ठेवीन. पण तुम्ही दर दहा मिनिटाला फोन करून 'कुठं पोचला' विचारता, त्याचं काय?"

बरोबर आहे. गिऱ्हाइकाला "अर्ध्या तासात माल येतोय" असं मी सांगायचो आणि तो अर्धा तास मामांच्या उजव्या पायात जायचा. म्हणजे गाडी पळवणारा मीच. काउंटरवर बसून.

गिअर

इंजिन उगाच ओरडू द्यायचं नाही, आणि उगाच गुदमरू पण द्यायचं नाही. डिझेल इंजिनाची ओढ कमी फेऱ्यांतच असते. दुसरा-तिसरा गिअर ताणत बसायची गरज नाही, आवाज चढायला लागला की वरचा गिअर टाका. ज्यांच्या गाडीला आरपीएमचा काटा आहे त्यांनी साध्या रस्त्यावर तो २,०००च्या आसपास ठेवून बघावा. काही नवीन पिकअपमध्ये गिअर कधी बदलायचा हे दाखवणारी खूण आणि इकोचं बटणही असतं. किती जणांनी ते दाबून बघितलं आहे, मला माहीत आहे!

पण भरल्या गाडीने चढाला चौथ्या-पाचव्यात रेटायचं, गाडी हादरे देते तरी गिअर उतरवायचा नाही, ही बचत नव्हे. तिथं पाय पूर्ण दाबला जातो, धूर निघतो आणि इंजिन-क्लच दोन्हीला मार बसतो. चढ म्हटला की डिझेल लागणारच. तीन टनाची गाडी १०० मीटर उंची चढायला नुसत्या उंचीसाठीच पाव लिटर घेते. त्यात कोणाची युक्ती चालत नाही. चढ चढताना जी ताकद घातली ती उतारावर कशी वापरायची, एवढंच आपल्या हातात. ते पुढे सांगतो.

रिकाम्या टाक्यांनी जास्त डिझेल खाल्लं

वहीतल्या त्या दोन जास्तीच्या रकान्यांनी एक गंमत दाखवली. सिमेंटची २५ पोती, म्हणजे साडेबाराशे किलो, घेऊन गावच्या रस्त्याने गेलेली गाडी बारा-साडेबारा देत होती. आणि हजार लिटरच्या तीन पाण्याच्या टाक्या घेऊन हायवेने साताऱ्याकडे गेलेली गाडी दहाच्या आत! टाक्या रिकाम्या, तिन्ही मिळून वजन शंभर किलोच्या आत. मला वाटलं लिहिण्यात चूक झाली.

चूक नव्हती. तो वारा होता. टाक्या केबिनच्या वर निघतात आणि वाऱ्याला भिंत उभी राहते. आणि वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ६०च्या ऐवजी ८०ने गेलात तर प्रत्येक किलोमीटरला वाऱ्याशी झुंजायला पावणेदोनपटीपेक्षा जास्त ताकद जाते. मालवाहू गाड्यांना आता ८०चा स्पीड लिमिटर येतो, आमच्याही गाडीला आहे. मामा काय करायचे, हायवेला लागले की पाय फरशीला टेकवायचे आणि लिमिटर अडवेल तिथंपर्यंत गाडी तशीच ठेवायची. त्यांच्या दृष्टीने लिमिटर म्हणजे "इतकं चालतं" अशी परवानगी.

आम्ही हायवेला ६० ठरवलं, डावी लेन. कराड ते सातारा साधारण ५० किलोमीटर. ८०ने साडेसदतीस मिनिटं, ६०ने ५०. फरक साडेबारा मिनिटांचा, तोही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. रस्त्याची कामं, टोलनाका, ट्रकच्या रांगा यात त्यातली निम्मी मिनिटं तशीही जातात. पेट्रोलियम मंत्रालयाखालची पीसीआरए ही संस्था १९७८ पासून इंधन वाचवण्याचंच काम करते. ती गाडीवाल्यांना वर्षानुवर्षं ४५ ते ५५चा वेग सांगत आली आहे. हायवेवर ५०ने गेलं की मागचे हॉर्न वाजवून जीव खातात म्हणून मी ६० म्हणतो.

बाकी वाऱ्यासाठी दोन साध्या गोष्टी. ताडपत्री फडफडू देऊ नका, आवळून बांधा. फडफडणारी ताडपत्री म्हणजे गाडीला मागून लावलेली छत्री. आणि माल नसताना केबिनवरचं जास्तीचं कॅरिअर, जुनी फळकुटं, दोर, पाने यांचं म्युझियम गाडीत फिरवू नका. आमच्या हौद्यात मला ४० किलोचा तुटका जॅक आणि फुटक्या फरश्या मिळाल्या. त्या दीड वर्षं कराड तालुका फिरत होत्या.

उभी गाडी

होलसेलच्या गोडाऊनला नंबर लागेपर्यंत, माल उतरवताना, गिऱ्हाईक पैसे आणायला आत गेलं तोपर्यंत, आमच्या गाडीचं इंजिन चालूच. मी घड्याळ लावलं: दिवसाला ४० मिनिटं. महिन्याचे २६ दिवस धरले तर सव्वासतरा तासांच्या वर. अशा इंजिनाला नुसतं उभ्या उभ्या चालू राहायला तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. मी ७०० मिली धरलं. १२ लिटर. १,०८० रुपये महिन्याला, शून्य किलोमीटरसाठी.

मी मामांना जरा चढ्या आवाजात विचारलं, "बंद का करत नाही?"

"बॅटरी मेलीय मालक. दोनदा धक्का मारून चालू केलीय. तुम्हाला दिवाळीतच सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, चालेल अजून सहा महिने. साडेसहा हजारांची बॅटरी वाचवायला मी महिन्याला हजाराचं डिझेल जाळत होतो, आणि वरून खापर ड्रायव्हरवर. नवीन बॅटरी घातली, दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद व्हायला लागली. काही सांगावं लागलं नाही. तुमच्याकडे ड्रायव्हरची एखादी सवय वाईट दिसत असेल तर आधी त्याला तशी का लागली ते विचारा. बऱ्याचदा मागे एखादं न झालेलं काम निघतं.

सकाळी गाडी पाच-दहा मिनिटं गरम करत ठेवायची पद्धतही सोडा. अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, इंजिन चालता चालता लवकर गरम होतं. उलट घाट किंवा जोराची ओढ करून आलात की बंद करण्याआधी मिनिटभर चालू ठेवा, ते टर्बोसाठी. तेवढं डिझेल खर्च होऊ द्या. आणि ज्यांच्याकडे २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी आहे आणि तिला डीपीएफ आहे, त्यांनी तर उभी गाडी चालू ठेवणं टाळाच. फिल्टरमध्ये काजळी साठते, आणि ती जाळायला गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल वापरते.

बक्षीस दिलं आणि घाटात घाम फुटला

आता मी ट्रेनर माणूस! इन्सेंटिव्ह दिल्याशिवाय कसा राहीन. मी मामांना म्हटलं, ११च्या वर जेवढं डिझेल वाचेल त्याचे निम्मे पैसे तुमचे. पहिल्या महिन्यात २० लिटर वाचले, मी ९०० रुपये पाकिटात घालून दिले. मामा खूश, मी खूश. व्हिडिओचा विषय पण मिळाला.

पुढच्या महिन्यात आलोऱ्याला माल होता. पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाट उतरायचा. मी सहज बरोबर गेलो. घाटमाथा ओलांडला आणि इंजिनाचा आवाज एकदम पडला. गाडी मोकळी सुटल्यासारखी. वळण आलं की ब्रेक, पुन्हा मोकळी, पुन्हा ब्रेक. दोन-तीन वळणांनंतर लायनर जळल्याचा वास यायला लागला.

"मामा, गिअर?"

"न्यूट्रल हाय. ॲव्हरेज मिळतंय."

मागे साडेबाराशे किलो सिमेंट. एका बाजूला दरी. मला खरंच घाम फुटला. आणि हे मामांना मीच शिकवलं होतं, ९०० रुपये देऊन. आयुष्यभर घाट गिअरमध्ये उतरलेला माणूस.

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की नीट समजून घ्या. आजच्या कॉमन रेल डिझेलला, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर डिझेल देणंच बंद करतात. चाकंच इंजिन फिरवतात. म्हणजे घाट उतरताना गिअरमध्ये डिझेल शून्य. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटला, आता इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावंच लागतं. न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा जास्त डिझेल जाळतो, वर ब्रेकही जाळतो. कारण गिअरमध्ये असताना गाडी अडवून धरायचं काम इंजिन करत होतं, ते सगळं आता ब्रेकवर आलं. ब्रेक तापत गेले की पकड कमी होते, ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल थेट खाली जातं. आणि काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मदत करणारा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. जुन्या ड्रायव्हरांचा नियम बरोबर आहे: ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा.

सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी लांबपर्यंत घरंगळते हे खरं, म्हणून लोकांना वाटतं फायदा आहे. पण रस्त्यावर कधी काय आडवं येईल आणि लगेच गिअर हवा असेल, सांगता येत नाही. मी ते कोणालाही सांगत नाही.

गाडी बाजूला घेतली, अर्धा तास ब्रेक थंड होऊ दिले, दुसऱ्या गिअरमध्ये खाली आलो. आणि बक्षिसाची पद्धत बदलली. आता हिशोब एका महिन्याचा नाही, तीन महिन्यांचा. आणि १३च्या वर बक्षीस नाही. १४ आणले तरी तेवढेच पैसे. शेवटचा थेंब वाचवायला जीव धोक्यात घालण्यात आता त्यांना काही मिळत नाही. घाट गिअरमध्ये उतरायला लागल्यापासून ॲव्हरेज कमी झालं का? एका पॉइंटनेही नाही.

बाकीचं पटकन सांगतो. टायरची हवा आठवड्याला एकदा, सकाळी गाडी थंड असताना, दरवाज्याजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी. मागची भरल्या गाडीची वेगळी असते. पळून आल्यावर तपासली तर हवा जास्त दाखवते आणि आपण काढून टाकतो, हे उलटं काम होतं. क्लचवर पाय ठेवून चालवू नका. फेरीवरून आल्यावर चारही रिमजवळ हात नेऊन बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथं ब्रेक चिकटतोय. तो चिकटलेला ब्रेक दिवसभर डिझेल खातो आणि कुणालाच कळत नाही.

ॲव्हरेज वाढलं, पण बिल?

चार महिन्यांत आम्ही ११वरून १३वर आलो. २,२०० किलोमीटरला २०० लिटरच्या जागी १६९. महिन्याला २,८०० रुपयांच्या आसपास.

मग मी माझ्या बाजूचं काम केलं. "अर्ध्या तासात येतो" बंद. माल सकाळी ११ला निघेल आणि दुपारी ३ला निघेल, एवढंच सांगायचं. पहिल्या पंधरवड्यात दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, एक मिस्त्री तर दुसऱ्या दुकानात गेला. परत आला, कारण तिथंही अर्ध्या तासात माल मिळत नव्हता. फेऱ्या एकत्र झाल्या, किलोमीटर १,९५०वर आले. १३ने भागा: १५० लिटर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फेऱ्या एकत्र केल्या की गाडी जास्त भरून जाते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडूही शकतं. आमचं टिकलं, तुमचं कदाचित १२.५ होईल. घाबरू नका. बिल कमी होतंय ना, ते बघा. म्हणून मी आता वहीत ॲव्हरेजशेजारी अजून एक आकडा लिहितो: लाख रुपयांच्या पोचवलेल्या मालामागे किती लिटर. आणि माल एकत्र करायचा म्हणजे गाडीच्या पासिंगपेक्षा जास्त भरायचा असं नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंडच २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

एकूण ५० लिटर वाचले. ४,५०० रुपये महिन्याला. आमच्या धंद्यात सगळं जाऊन हातात ६ टक्के उरतात. तेवढ्यात ४,५०० कमवायला मला ७५,००० रुपयांचा माल जास्तीचा विकावा लागला असता. उधारीवर.

ते कुलूप अजून गल्ल्याच्या खणात आहे. परवा मामांना खणात पेन शोधताना सापडलं. उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "मालक, काउंटरला लावा की हे विकायला. चांगल्या कंपनीचं हाय."

तुमच्या तीन टाक्यांचे आकडे झाले की पाठवा. गाडी कुठली, साल कुठलं, माल काय आणि रस्ता कुठला, हे चारही लिहा. नुसतं "दहा देते" लिहिलंत तर मी काहीच सांगू शकणार नाही.